निसर्ग परिचय शिबिर : कोणाची ओळख कोणाला?

प्रश्न क्रमांक सात असा होता : 'खालीलपैकी कोणती वनस्पती खाण्यास अयोग्य आहे?' खाली चार चित्रं. करवंद, टाकळा, करटोली आणि शेवळं. अपेक्षित उत्तर शेवळं. शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या सहावीच्या मुलाने चारही चौकटी मोकळ्या सोडल्या आणि टॅबलेटवरचं पुढे जायचं बटण दाबलं. अ‍ॅपने त्याला शून्य गुण दिले. मी त्याच्या मागेच उभा होतो. "एक तरी निवड ना," म्हटलं. तो म्हणाला, "सर, चारी खातात." मग माझ्याकडे बघून, जणू मला अडचणीतून सोडवायला, "शेवळांत काकडं टाकायची. नाय टाकली तर घसा खाजतो."

ते अ‍ॅप मी लिहिलेलं आहे.

प्रश्न माझे नव्हते, हे खरं. मजकूर मुंबईहून एक्सेल शीटमध्ये आला होता आणि 'बरोबर उत्तर' या रकान्यात 'ड' होतं. पण आमच्या घरी दर जूनमध्ये शेवळं होतात. पहिला पाऊस पडायच्या आत जमिनीतून वर येणारे ते कोंब आजी बाजारातून आणते, वरचं पिवळं-तांबडं काढून टाकते, बारीक चिरते, काकडाची आंबट फळं ठेचून त्यांचा रस घालते आणि घरभर तो वास सुटतो. मी ही भाजी खाऊन मोठा झालो. तरी ती चार चित्रं, तो 'ड' मी डोळ्यांखालून घातला आणि सर्व्हरवर चढवला. आजीच्या स्वयंपाकघरातली गोष्ट आणि एक्सेलमधली गोष्ट एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हा लेख त्या न येण्याबद्दल आहे.

थोडं माझ्याविषयी. मी शहापूरचा. आजोबांची जमीन भातसा धरणाच्या पाण्याखाली गेली, वडील नोकरीला लागले, मी ठाण्याला कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि आता ऐरोलीत नोकरी करतो. आसनगाव लोकलमध्ये रोज आयुष्याचे तीन-साडेतीन तास जातात. दोन वर्षांपूर्वी शाळकरी मुलांसाठी निसर्ग शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेबरोबर शनिवार-रविवार काम करायला लागलो. संस्थेचं नाव घेत नाही. माणसं चांगली आहेत, आणि जो दोष सांगणार आहे त्यात माझाही हात आहे. तानसा अभयारण्याच्या कडेला आणि मुरबाडमध्ये टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडे, अशी आमची शिबिरं होतात. काही मुंबई-ठाण्याच्या खासगी शाळांसाठी, पैसे घेऊन. काही आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळांसाठी, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून, फुकट. वर्कशीट दोन्हीकडे एकच.

आपल्याकडे कथा-कादंबरीची समीक्षा होते, पाठ्यपुस्तकांची क्वचित होते, वर्कशीटची कोणी करत नाही. पण चोवीस तासांचं शिबिर हीसुद्धा रचलेली संहिताच असते. तिला सुरुवात असते, नायक असतो, खलनायक असतो आणि शेवटी शपथ असते. हजारो मुलं ती संहिता वाचतात म्हणण्यापेक्षा तिच्यातून चालत जातात. म्हणून ती एखाद्या पुस्तकाइतक्या काळजीने तपासायला हवी, असं मला वाटतं.

पहिल्यांदा शब्द बघू. शिबिरात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'निसर्ग'. हा शब्द आमच्या भागातल्या पाड्यांवर मी सहज बोलण्यात कधीच ऐकलेला नाही. तिथे रान असतं, डोंगर असतो, माळ असतो, ओहळ असतो, कोंड असते. आणि 'फॉरेस्ट' असतं. फॉरेस्ट हा शब्द फार मजेशीर आहे. जमीन फॉरेस्टची असते, रस्ता फॉरेस्टमधून जातो आणि "फॉरेस्ट आलं" म्हणजे वनरक्षक आला, कोयता लपव. झाडं, सरकार आणि भीती हे तीनही एका शब्दात. शिबिराच्या पहिल्या सत्रात ताई विचारतात, "जंगल म्हटल्यावर तुमच्या मनात काय येतं?" मुंबईची मुलं वाघ, शांतता, ऑक्सिजन असं सांगतात. आश्रमशाळेतली एक मुलगी म्हणाली, "पावती." कार्डावर लिहिताना ताईंनी ते 'पालवी' असं ऐकलं. बोर्डावर पालवी लागली.

'परिसर' या शब्दाचंही तसंच. बालभारतीच्या पुस्तकांनी परिसर अभ्यास हा विषय प्राथमिक वर्गांत रुजवला आणि तिसरीला स्वतःच्या जिल्ह्याची ओळख करून द्यायची पद्धत ठेवली. जवळून दूर जायचं, माहितीकडून अज्ञाताकडे जायचं, हे त्यामागचं तत्त्व मला आजही योग्य वाटतं. मीही तसाच शिकलो. पण ठाणे जिल्हा म्हणजे कुलाब्याकडे तोंड करून उभा असलेला प्रदेश, अशीच त्या ओळखीची मांडणी माझ्या लक्षात राहिली. धरणं कुठली, ती मुंबईला पाणी देतात. लोकल कुठवर जाते, कसाऱ्यापर्यंत. जवळून दूर जाताना मध्येच आपण दूरचे होतो आणि आपल्या गावाकडे त्या बाजूने बघायला लागतो. माझ्या 'ड'चं मूळ इथे कुठेतरी असावं.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं कसं झालं, याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. त्यात शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय अनिवार्य करावा असं सांगितलं होतं. त्याच निकालात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयी स्लाइड दाखवाव्यात असंही होतं, ही गोष्ट आता विसरली गेलीय. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २००३च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश दिला. मग पुस्तकं आली, गुण आले, प्रकल्पाच्या वह्या आल्या. या वह्या दहावी झालेल्या प्रत्येकाला आठवत असतील, बहुतेकांनी दुकानातून चित्रांचे तक्ते आणून कापून चिकटवल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले, आणि आमच्यासारख्या शिबिरांना बरे दिवस आले. न्यायालयाचा हेतू चांगलाच होता. पण चित्रपटगृहातली स्लाइड आणि शाळेतला विषय एका दमात सांगितले गेले, यात काहीतरी आहे. पर्यावरण म्हणजे जनतेला द्यायचा संदेश, जनतेला ते माहीत नाही, हे गृहीतच होतं. आमची वर्कशीट त्या स्लाइडचीच नात आहे.

आता शिबिराचा गाभा. दुपारी चारच्या सुमारास सुतळीचा खेळ होतो. जगभर हा खेळ खेळतात, आमच्याकडे तो अगदी प्रिय आहे. मुलं गोलात उभी राहतात. एक सूर्य, एक साग, एक गवत, एक भेकर, एक बिबट्या, एक ओहळ. सुतळीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मध्ये जाळं तयार होतं. मग ताई म्हणतात, "आता माणूस आला." माणूस झालेला मुलगा कात्री घेऊन येतो आणि झाड कापतो. सुतळी सैल पडते, सगळ्यांना हिसका बसतो, मुलं "ओह्" म्हणतात. खेळ म्हणून रचना पक्की आहे. कोणतंही व्याख्यान देऊ शकणार नाही ते ती पाच मिनिटांत देते : सगळं एकमेकांत गुंतलंय.

मुंबईच्या मुलांबरोबर हा खेळ मी दहा-बारा वेळा पाहिला आणि दर वेळी आवडला. मग तो आश्रमशाळेच्या मुलांबरोबर पाहिला. माणूस कोण होणार असं विचारल्यावर कोणी पुढे येईना. शेवटी मुलांनीच एका मुलीला ढकललं आणि हसत म्हणाली, "हिची आय मोळी विकते." ती कात्री घेऊन आली. तिने झाड कापलं नाही. कात्री खाली ठेवली आणि गोलातून बाहेर जाऊन बसली. ताईंना वाटलं ती लाजली. त्यांनी दुसऱ्या मुलाला बोलावलं.

या खेळातला माणूस कोण आहे, हा मला समीक्षेचा पहिला प्रश्न वाटतो. त्याच्या हातात नेहमी कुऱ्हाड किंवा कात्री असते. त्याच्या हातात कधी धरणाचा नकाशा नसतो, महामार्गाचं टेंडर नसतं, दुसऱ्या घराची जाहिरात नसते. आम्ही ज्या जागी गोलात उभे असतो तिथून तानसाचा तलाव दिसतो. १८९२ साली पूर्ण झालेलं हे धरण, त्याच्याभोवतीचं सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं अभयारण्य १९७०चं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात, मोडक सागरही याच भागात. भातसाचा वाटा सगळ्यांत मोठा. रस्त्याकडेने माणसाच्या उंचीपेक्षा मोठे जलवाहिन्यांचे पाइप मुंबईकडे जातात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. हे दर वर्षी वर्तमानपत्रात येतं, इतकं दर वर्षी की आता ती बातमीही राहिली नाही. सुतळीच्या जाळ्यात पाणी आहे, ओहळाच्या रूपात. पाइप नाही. ओहळाकडून अंधेरीकडे एक सुतळी गेली, तर ताण कुठे पडतो हे मुलांना हाताला कळलं असतं. खेळाची ताकदच ती आहे.

मी हे सुचवलं होतं. 'पाण्याचं एक सत्र घेऊ, पाइपच्या कडेने चालू, शेवटी टँकर येतो त्या पाड्यावरच्या विहिरीपाशी बसू.' बैठकीत सगळ्यांना आवडलं. मग एकजण म्हणाले, "विषय राजकीय होईल. शाळा परत येणार नाहीत." तिथेच ते थांबलं. त्यांचं गणित चुकीचं होतं असं नाही. पण मोळी विकणारी बाई खेळात खलनायक होते तेव्हा तो विषय राजकीय होत नाही, हे मात्र मला त्या दिवशी दिसलं.

याला जुना इतिहास आहे. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब करतात. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत असे थर रचून वर माती टाकायची आणि जाळायचं. तण मरतं, राख मिळते, पावसात रोप जोमाने येतं. इंग्रजांच्या वनखात्याने फांद्या तोडण्यावर बंधनं आणली आणि ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला की सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७चा. राब हा त्यातला मोठा वादाचा मुद्दा. त्याच्या आधीच, १८८३मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले होते. डोंगर-दऱ्या आणि गायरानं खात्याच्या ताब्यात गेल्यावर पानं-फुलं-फळं गोळा करून आणि दोन-चार शेळ्या राखून जगणाऱ्या माणसाचं काय झालं, हे ते सांगतात. माझ्या दृष्टीने निसर्गशिक्षणाच्या यादीतलं पहिलं मराठी पुस्तक हे असायला हवं. ते कुठल्याच शिबिराच्या ग्रंथपेटीत मी पाहिलं नाही. आमच्या सादरीकरणात 'वणवा' नावाची एक स्लाइड आहे, त्यात पेटलेल्या डोंगराच्या शेजारी राबाचा फोटो आहे. खाली एकच मथळा : 'मानवनिर्मित'. राबाची आग कधी कधी पसरते आणि डोंगर जळतो, हेही खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही. पण मुलं त्या फोटोत आपलं शेत ओळखतात.

मराठी निसर्गलेखनाने इथे मदत करायला हवी होती. केलीही आहे, पण आम्ही ती नीट घेतली नाही. शिबिरात रात्री शेकोटीभोवती उतारे वाचतात. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र', व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा', चितमपल्ली. उतारा निवडणाऱ्याचा कल नेहमी एकाच तऱ्हेच्या जागेकडे असतो : एकटा माणूस, पहाट, धुकं, एक पक्षी. लेखकाने तिथे दुसरं काही लिहिलेलं असलं तरी ते गळतं. मारुती चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात राहिले, तरी त्यांच्या लेखनात माडिया, गोंड, ढिवर अशी माणसं येतात, त्यांचे शब्द, त्यांच्या समजुती येतात आणि लेखक त्यांच्याकडून शिकतोय हे ते लपवत नाहीत. शेकोटीपाशी वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यांत पक्षी राहतो, त्याचं नाव सांगणारा माणूस जातो. आणि माडगूळकरांचंच, तर 'नागझिरा'बरोबर 'बनगरवाडी' का नाही वाचत? १९५५ची ही कादंबरी शाळेचीच गोष्ट आहे. मास्तर वाडीवर येतो तेव्हा पोरं मेंढरांमागे असतात, शाळेत यायला कोणी मोकळं नसतं. मास्तर हळूहळू वाडी वाचायला शिकतो. आणि शेवटी दुष्काळ येतो, वाडी उठून जाते, शाळेला मुलंच उरत नाहीत. पाऊस, गवत, मेंढरू, हजेरीपट यांचं इतकं नेमकं जाळं मी कुठल्याही सुतळीच्या खेळात पाहिलेलं नाही.

हजेरीपटावरून आठवलं. आमची शिबिरं डिसेंबर-जानेवारीत होतात. हवा छान असते, डास कमी, शाळांच्या सहली याच काळात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांसह, आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्यांच्या रानाची ओळख आम्ही करून देतो त्यांच्यातलीच पुष्कळ मुलं तेव्हा भिवंडीकडे विटा उलटत असतात. हे मला माहीत होतं. लहानपणी आमच्या वर्गातली बाकं दिवाळीनंतर रिकामी व्हायची आणि गुरुजी त्यावर काहीच बोलायचे नाहीत. अ‍ॅपमध्ये मी 'गैरहजर' असा पर्याय दिला आहे. कारणासाठी रकाना नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. हे सगळं दुसऱ्या तऱ्हेने करता येतं का? येतं. केलं गेलंय. आणि लांब नाही, तेव्हाच्या याच ठाणे जिल्ह्यात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला नसता तर कोसबाड आमच्याच जिल्ह्यात असतं.

ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आल्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम त्यांनी केलं होतं, नूतन बालशिक्षण संघ १९२६चा. बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडी उघडली आणि आदिवासी मुलं आली नाहीत, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर सरकारी पाटीवर दिसणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आला. जरा मोठी मुलं गुरं घेऊन रानात जायची, म्हणून शाळा कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतात, मुलं झाडाखाली बसतात, शिक्षक तिथे. मोजायला बिया आणि दगड, ओळखायला पानं. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून भोवतालच्या वस्तूंचीच साधनं केली. अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनात त्या दिवसांविषयी लिहिलंय आणि त्याचं गद्य मला फार आवडतं. त्यात धुकं नाही. मूल का आलं नाही, मग आम्ही काय केलं, ते चुकलं, मग काय केलं, अशा चालीने ते जातं. आमच्या क्षेत्रात याला चांगला बग रिपोर्ट म्हणतात.

कुरणशाळेचं वैशिष्ट्य 'उघड्यावर शिकवणं' हे नव्हतं. उघड्यावर तर आम्हीही शिकवतो. फरक कशामुळे पडतो तर वेळापत्रक कोणाचं, यामुळे. कुरणशाळेने गुराख्याचं काम हा अडथळा न मानता वर्गाची जागा मानली. मूल रानात आहे ते कामासाठी आहे, आणि शिकणं त्या कामाच्या शेजारी बसतं. आमच्या शिबिरात मूल रानात येतं ते पाहायला. ज्याला रानात काम नाही त्यालाच रान पाहता येतं. अमेरिकेत रिचर्ड लुव्ह यांनी २००५मध्ये 'निसर्गाच्या अभावाचा विकार' अशी कल्पना मांडली, घरात कोंडलेल्या, पडद्यांसमोर बसलेल्या मुलांसाठी. अंधेरीच्या मुलाला ती लागू असेल. आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात ती पहिल्याच पानावर आहे आणि तेच माहितीपत्रक डोळखांबजवळच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावरही ठेवलेलं मी पाहिलंय.

कोसबाडलाही देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ताराबाई-अनुताई बाहेरूनच आल्या होत्या. मुलांना न्हाऊ-माखू घालणं, नखं कापणं, 'सुधारणं' यावर त्यांचा भर होता आणि त्यामागे पाड्यावरचं जगणं कमी दर्जाचं आहे हा सूर अधूनमधून ऐकू येतो. शिकवायची भाषा शेवटी पुस्तकी मराठीकडेच जाणारी. आणि जमीन कोणाची, हा प्रश्न कुरणावर बसूनही त्यांनी धड्यात आणला नाही. त्याच पट्ट्यात, त्याच १९४५च्या सुमारास, गोदावरी परुळेकर वारल्यांमध्ये वेठबिगारीविरुद्ध उभ्या होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' आणि 'कोसबाडच्या टेकडीवरून' ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत. एकाच रानाची आहेत असं वाटू नये, इतकी वेगळी आहेत. मला दोन्ही हवीत. पण त्यातलं कोणतं शिबिराच्या ग्रंथपेटीत जाऊ शकेल, हे मी पैजेवर सांगू शकतो.

आमच्या शिबिरांमधून काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. कांदिवलीच्या एका मुलाने तलावाकडे बघत विचारलं होतं, "म्हणजे आमच्या नळात हे येतं?" आणि मग बराच वेळ गप्प बसला. आश्रमशाळेच्या मुलांना दुर्बिणीतून सर्पगरुड दाखवला तेव्हा जो गलका झाला, तो कुठल्याही सिद्धान्ताने खोटा ठरत नाही. पाखरू रोज दिसणं आणि त्याच्या डोळ्याचा पिवळा रंग दिसणं यात फरक आहे आणि तो आनंद त्यांचाही हक्काचा आहे. माझी तक्रार आनंदाबद्दल नाही, गुणांबद्दल आहे.

कारण गुण जमा होतात. पहिल्या वर्षाअखेर मी डॅशबोर्ड तयार केला. खासगी शाळांची सरासरी आश्रमशाळांपेक्षा वर आली. हिरव्या-निळ्या रंगात आलेख छान दिसत होता. निधी देणाऱ्यांसमोर तो दाखवताना कोणीतरी सहज म्हणालं, "आदिवासी मुलांमध्येसुद्धा निसर्गाविषयी जाणीव कमी होत चाललीये." अहवालात ते वाक्य गेलं. पुढच्या वर्षीचा निधी त्या वाक्यावर मिळाला. मी बैठकीत होतो. प्रोजेक्टर माझ्याच लॅपटॉपला जोडलेला होता.

घरी येऊन मी प्रश्न एकेक करून बघितले. सात नंबर एकटा नव्हता. 'मोहाच्या झाडाचे स्थानिक नाव लिहा' या प्रश्नात एक शब्द बसेल एवढाच रकाना होता. मुलांनी फुलाचं वेगळं, फळाचं वेगळं, बीचं वेगळं नाव लिहायचा प्रयत्न केला होता. मोह, दोडे, मोहट्या. अ‍ॅपने पहिला शब्द घेतला, बाकीचे टाकले. फूल वेचायचं असतं, दोड्यांची भाजी होते, मोहट्यांचं तेल निघतं. तीन कामं आहेत, म्हणून तीन नावं. डेटाबेस बांधताना मी 'एका प्रजातीला एक स्थानिक नाव' असं ठरवून टाकलं होतं, कारण तसं सोपं जातं. कोणी सांगितलं नव्हतं. विज्ञानाचं एक नाव असतं, म्हणून गावाचंही एकच असणार, असं गृहीत धरलं. ज्या चुकीबद्दल मी पाठ्यपुस्तकांना आणि वर्कशीटला बोल लावतोय ती माझ्या हातून एका ओळीत झाली आणि तिला कोणी हरकत घेतली नाही, कारण ती ओळ दिसत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आजीबरोबर बाजारात गेलो. शेवळं विकायला बसलेल्या मावशींना आजीने नेहमीप्रमाणे भावावरून छेडलं, मग नेहमीप्रमाणे दोन वाटे घेतले. काकडं त्यांनी वरून टाकली, त्याचे पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, "मावशी, काकडं नाही टाकली तर?" त्या आजीकडे बघून म्हणाल्या, "नातू कुठं मुंबयला असतो का?" आजी म्हणाली, "ऐरोलीला."

त्या आठवड्यात मी अ‍ॅप दुरुस्त केलं. स्थानिक नावांसाठी हवे तितके रकाने, प्रत्येकासमोर 'झाडाचा कुठला भाग' आणि 'कशासाठी'. गैरहजेरीसमोर कारण. प्रश्न सातमध्ये 'यांपैकी एकही नाही' हा पाचवा पर्याय आणि तेच बरोबर उत्तर. जुने गुणही त्याप्रमाणे पुन्हा मोजायचा कोड लिहिला. त्या मुलाच्या खात्यात एक गुण वाढतो. मजकुरातला कुठलाही बदल मंजुरीसाठी जातो, त्यात 'स्रोत' नावाचा सक्तीचा रकाना आहे, तोही मीच ठेवलाय. मी लिहिलं : 'सहावीचा विद्यार्थी, आश्रमशाळा, शहापूर'. बदल परत आला, शेरा होता : 'कृपया प्रमाणित स्रोत द्यावा'. दुसऱ्यांदा मी आजीचं नाव टाकलं. ते अजून परत आलेलं नाही, मंजूरही झालेलं नाही.